मधल्या पंपावरचा माणूस

दादा बोगद्याच्या कामाला गेला तेव्हा आमच्या घरात धड डोंगर पाहिलेलं कोणी नव्हतं. पिपरी मेघ्यात आमच्या गच्चीवर उभं राहिलं की नजर अडेल असं काही लागत नसे. एक पाण्याची टाकी, दोन-चार नवे प्लॉट आणि त्यापुढे तुरीचं रान. कोकणात रेल्वे नेतायत, डोंगर पोखरून नेतायत आणि त्या डोंगरातलं पाणी उपसायला आपला मुलगा चाललाय, हे बाबांच्या काही केल्या पचनी पडेना. "डोंगर कोराले माणसं लागते हे समजलं," ते म्हणाले, "पण पाणी उपसाले वर्ध्याचा माणूस? इथं उन्हाळ्यात नळाले थेंब नाई."

दादा पंपाचा माणूस होता. आयटीआय झाल्यापासून विहिरींवरच्या मोटारी उघडण्यातच त्याची वर्षं गेली होती. त्याचा जोडीदार त्याच आयटीआयमधला, आर्वीच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या गावातला गोंड मुलगा. दोघांची जोडी अशी की एकाला बोलावलं की दुसरा न सांगता यायचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यात एका ठेकेदाराच्या माणसानं दोघांना विचारलं आणि दोघं एकाच ट्रंकेत कपडे भरून निघून गेले.

मी तेव्हा सेवाग्रामच्या दवाखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर बसत असे. दिवसभर न दिसणाऱ्या माणसांशी बोलायचं आणि ज्याला त्याला जोडून द्यायचं. माझा आवाज गोड आणि स्वभाव तिखट, असं आई म्हणायची. बोर्डावर बसून एक झालं होतं. माणूस खोटं बोलायला लागला की त्याचा आवाज किंचित सावकाश होतो, ते मला लगेच कळायचं. दादा म्हणूनच माझ्याशी फोनवर कमी बोलायचा.

पहिल्या सुटीत तो आला तेव्हा जेवताना त्यानं आम्हाला सगळं ताटातच समजावून सांगितलं. बोगद्याचं टोक, म्हणजे जिथं खोदकाम चालू आहे ती जागा, ही वाटी. तिथं डोंगराचं पाणी झिरपून खड्डा भरतो. त्या खड्ड्यावर पुढचा पंप, तो जोडीदाराचा. तो पंप पाणी ढकलतो ते थेट बाहेर जात नाही, एवढा दम त्यात नाही. ते येतं बोगद्याच्या मध्यावरच्या खड्ड्यात, म्हणजे ह्या दुसऱ्या वाटीत. तिथं भिंतीत एक कोनाडा कोरलेला, त्यात मधला पंप, तो दादाचा. दादा ते पाणी बाहेर फेकायचा. दोघांच्या मधे अंधार आणि मशीनचा गोंगाट, हाक मारून उपयोग नाही. म्हणून ते लोखंडी पाइपावर पान्यानं ठोकत. पुढच्यानं तीन ठोके दिले की खड्डा भरला. मधल्यानं दोन दिले की सोड, मी तयार आहे. मग पुढच्याचा एक ठोका, सोडलं. असं दिवसभर.

हे सांगताना त्यानं चमच्यानं ताटाच्या काठावर तीन ठोके दिले. आई म्हणाली, "वाढते ना बाप्पा, थांब." तेव्हापासून आमच्या घरात वरण संपलं की तीन ठोके आणि आईचे पातेल्यावर पळीनं दोन. बाबा चिडायचे आणि चिडता चिडता स्वतःही ठोकायचे.

दुसऱ्या वर्षी थंडीत वहिनीला मुलगी झाली, तिच्या माहेरी, रोहण्याला. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. दादाला रजा मिळाली नाही. डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खोदत आलेली माणसं आता एकमेकांना भेटायच्या बेतात होती, आणि साहेबांनी सगळ्यांच्या रजा बंद केल्या होत्या. वहिनीनं हे ऐकून तोंड फिरवून घेतलं आणि मुलीला दूध पाजत राहिली. मी मनातल्या मनात साहेबांना भरपूर शिव्या घातल्या.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी दादा रोहण्याच्या दारात उभा. अंगावर दोन रात्रींच्या प्रवासाची धूळ आणि हातात आमसुलांची पिशवी. घरभर नुसता आनंद झाला. मी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "रजा भेटली काय?"

"भेटली समज," तो म्हणाला. सावकाश म्हणाला.

मी त्याला मागच्या अंगणात नेऊन खोदून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. बोगद्याच्या तोंडाशी एक फळी असते, तिच्यावर खिळे. प्रत्येकाचा पितळी बिल्ला असतो. आत जाताना तो आपल्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर येताना काढून घ्यायचा. फळी पाहिली की आत कोण आहे ते कळतं. दादा निघाल्यापासून जोडीदार रोज दोन बिल्ले अडकवत होता, आपला आणि दादाचा. दोन्ही पंप तो एकटाच सांभाळत होता. कोणी विचारलंच तर सांगायचं ठरलं होतं, त्याला ताप भरलाय, कोनाड्यात पडून आहे.

"आन् कोणी पाहाले गेलं त?"

"कोण जाते तिथं? पंपाचा आवाज आला म्हंजे माणूस आहे, असं समजते लोक."

माझं डोकं फिरलं. मी त्याला म्हटलं, तुला काही अक्कल, तिकडं एक माणूस दोघांचं काम करून मरून राह्यला आणि तू इथं आमसुलं वाटून राह्यला. तो हसला. म्हणाला, "तोच म्हने जाय. तो म्हने, पोरीच्या कानात नाव पडते तवा बाप पाह्यजे. त्याच्या पोराच्या वक्ती मी असंच केलतं, तुले काय माहीत." म्हणजे ही पहिली वेळही नव्हती. मी पाय आपटत आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीत पाळणा बांधला. घुगऱ्या शिजल्या होत्या, बायका जमल्या होत्या. जोडीदाराची बायकोही आली होती, आपल्या वर्षभराच्या मुलाला कडेवर घेऊन, दादाला पाहून खूश झालेली. त्या मुलाशी ती गोंडीत बोलायची आणि आमच्याशी आमच्या बोलीत, आणि दोन्हीकडे सारखीच मोजकी. आत्या म्हणून नाव सांगायचा मान माझा. मी पाळण्यावर वाकले, बायका माझ्या पाठीत बुक्के घालायला सरसावल्या, आणि तेवढ्यात अंगणात स्कूटर येऊन थांबली.

आमच्या पिपरीच्या घराशेजारचे किराणावाले काका होते. गल्लीत फोन त्यांच्याकडेच. वर्ध्यापासून एवढ्या लांब ते स्कूटरवर आले होते, केसांत धूळ, ओठ सुकलेले. ते बाबांच्या समोर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "भाऊसाब, बैठ जाव जरा. फोन आलता कोकनातून. पहाटं बोगद्यात माती पडली. दोघं आत अडकले. त्यातला एक आपला पोरगा हाय."

आणि दादा, जो त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आतून येत होता, त्यांच्या समोर उभा राहिला.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. तांब्याकडे पाहिलं. मग ते ओट्यावर खालीच बसले. एका बाईला हसू फुटलं, मग सगळ्याच हसायला लागल्या. बाबा काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, कोणीतरी तुमची गंमत केली. वहिनीची आई मीठ-मोहऱ्या आणायला धावली. ओसरी सगळी हसत होती आणि दादा पांढराफटक पडत चालला होता.

तो हसत नव्हता आणि जोडीदाराची बायको हसत नव्हती. तिनं मुलाला कडेवरून खाली ठेवलं. "भाऊ," ती म्हणाली, "दुसरा कोण?"

दादानं हातातला तांब्या खाली ठेवला. तिला उत्तर मिळालं.

मग एकेकाचं हसणं थांबत गेलं. काकांना जेवढं सांगितलं होतं तेवढं त्यांनी सांगितलं. पहाटे न्याहारीच्या वेळी बाकीची माणसं बाहेर आली होती. पंपवाले आतच खातात, कारण पाण्याला न्याहारीची सुटी नसते. तेव्हा मधेच छत बसलं. ओली, गाळासारखी माती. फळीवर दोनच बिल्ले राहिले होते.

"माती कोठी पडली?" दादानं विचारलं.

"मधल्या पंपावर, म्हने."

वहिनीनं पाळण्यातून मुलीला उचलून छातीशी धरलं. मला वाटतं तिला आमच्या आधी समजलं, की तो इथं नसता तर कुठं असता.

दादानं मग दोन बिल्ल्यांची हकिकत सगळ्यांना सांगून टाकली. वहिनीचे वडील शहाणे गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांचं शहाणपण मला सहन झालं नाही. ते दादाला बाजूला घेऊन म्हणाले, जावईबापू, फोनबिन काही करू नका. आज रातच्या गाडीनं गुपचूप तिकडं निघा. खोटा बिल्ला लावला म्हणून पोलिसात देतील, दोघांनाही देतील. ते लोक खोदूनच राह्यले ना, काढतील त्याले. मी पुढे होऊन म्हणणार होते की तुमचा जावई वाचला म्हणून तुम्ही असं बोलता. पण दादानं तोवर चपला पायात घातल्या होत्या.

"बाबूजी, ते चुकीचं खोदून राह्यले," तो म्हणाला. "त्यायले वाटते मी मधात मातीखाली आहो. ताप आलेला माणूस झोपला आहे म्हणून. म्हंजे पोकलेन लावणार नाईत. फावड्यानं काढतील, घमेल्यानं, हळूहळू. तवरक पुढं पाणी चढन. पंप बंद आहे. पुढचा खड्डा भरला का पाणी बोगद्यात पसरते आन् त्याले पळाले जागा नाई."

एवढं एका दमात बोलून तो अंगणात उतरला. जोडीदाराच्या बायकोनं मुलाला माझ्या आईच्या मांडीवर दिलं आणि ती त्याच्या मागे निघाली. मीही निघाले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण फोनशी भांडायचं असेल तर त्या घरात माझ्याइतकी सवय कोणाला होती?

गावातला फोन आठवड्यापासून मेलेला होता, रस्त्याच्या कामात केबल तुटली होती. काळी-पिवळीनं आर्वी गाठायची ठरली. जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर हलेना, तेव्हा मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो निमूट निघाला. दोन्ही बाजूंना कपाशी वेचणाऱ्या बायका दिसत होत्या, आणि मला त्यांचा राग आला, त्या इतक्या निवांत कशा म्हणून.

आर्वीला स्टँडजवळ एक एसटीडीचं दुकान होतं. काकांनी नंबर विडीच्या पुड्यावर उतरवून आणला होता. मी केबिनमध्ये शिरले, दादा शेजारी, आणि दार उघडं ठेवून त्यात ती. मी नंबर फिरवला. या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत, कृपया थोड्या वेळाने डायल करा. परत फिरवला. तेच. तो आवाज मी रोज ऐकत होते आणि कधी मनावर घेत नव्हते. त्या दिवशी मला त्या बाईचा गळा धरावासा वाटला. बोट दुखेपर्यंत फिरवलं. दादा काचेला टेकून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल असं मला वाटलं, पण तो पाण्याचा हिशोब करत होता.

"किती चढलं असंल?" तिनं विचारलं.

"कमरेले," तो म्हणाला, आणि जमिनीकडे पाहू लागला.

मी फिरवणं सोडलं आणि ट्रंक बुकिंगला लावला. पलीकडच्या बाईला म्हटलं, ताई, मीपण बोर्डावरच बसते, सेवाग्रामला. लाइटनिंग कॉल द्या, सगळ्यांच्या आधी लावून, माणूस मरून राहिला आहे. ती काही विचारत बसली नाही. "धरून ठेव," एवढंच म्हणाली. मग नागपूर, मग मुंबई, मग आणखी कुठलं तरी, एकामागून एक बायका एकमेकींना हाका मारत गेल्या, आणि शेवटी एक पुरुष खोकला आणि म्हणाला, "हां, साइट ऑफिस."

मी रिसीव्हर दादाकडे दिला आणि माझा कान त्याच्या कानाला लावला. दादानं आपलं नाव, पाळी, बिल्ल्याचा नंबर सांगितला.

पलीकडचा क्लार्क कागद चाळू लागला. मग म्हणाला, "लाज वाटते का असली चेष्टा करायला? तो माणूस आत आहे."

"मीच तो आहो."

"ठेवा फोन."

मी रिसीव्हर ओढून घेतला. बोर्डावरचा माझा जो आवाज होता, मोठमोठ्या डॉक्टरांनाही थांबवून ठेवणारा, तो मी काढला. "लाइटनिंग कॉल आहे. साहेबांना जोडून द्या. ठेवलात तर तुमच्या नावानं तक्रार जाईल." कसली तक्रार, कुठं, मला काही माहीत नव्हतं. पण क्लार्क जातीचा माणूस तक्रारीला घाबरतो. त्यानं वॉकी-टॉकी उचलला आणि रिसीव्हरच्या तोंडाशी धरला. खरखर झाली, लांबून पाण्याचा आवाज, माणसांचा आवाज, आणि मग साहेब.

"कोण?"

दादानं पुन्हा सांगितलं.

"तू कुठं आहेस?"

"साहेब, मी घरी आहे. वर्धा जिल्ह्यात. चोरून आलो. बिल्ला त्यानं लावला."

"मग कोनाड्यात कोण आहे?"

"कोणी नाही साहेब."

खरखर चालू राहिली. मग साहेब अगदी हळू बोलले, आणि ते शिव्या देते तर बरं झालं असतं. "आम्ही पहाटेपासून हातानं माती काढतोय. तुझ्या अंगाला फावडं लागू नये म्हणून."

दादानं डोळे मिटले. "पोकलेन लावा साहेब. मधे कोणी नाही. तो पुढं आहे."

"आहे की असेल? तो दोन्ही पंप बघत होता ना? फिरत होता ना?"

इथंच घोडं अडलं. कारण दादा मला नंतर म्हणाला, कोरडी जागा त्या बोगद्यात एकच होती, मधला कोनाडा. न्याहारी दोघं तिथंच बसून खात. आणि माती न्याहारीच्याच वेळी पडली होती. तो भाकरी सोडायला मधे आला असेल आणि पोकलेन लावलं, तर लोखंडी दात थेट त्याच्यावर. तो पुढं असेल आणि नाही लावलं, तर पाणी. दोन्हीकडे तोच एक माणूस होता.

"पाइपावर आवाज येतो काय साहेब?"

"मघापासून येतोय. तीन, मग थांबतो, परत तीन. पाइप सलग आहे, आवाज कुठूनही येऊ शकतो. आमची माणसं इकडून ठोकून दिलासा देतायत."

"किती ठोकतात?"

"किती म्हणजे? वाटेल तेवढे."

"दोन द्या," दादा म्हणाला. "फक्त दोन. आन् बाकीच्यांना थांबवा." हे बोलताना त्याचं बोट केबिनच्या फळीवर आपोआप दोनदा वाजलं.

साहेबांनी तिकडं ओरडून सांगितलं. ठण्, ठण्. दोन ठोके आम्हाला आर्वीत ऐकू आले. आता एक यायला हवा होता. एक आला असता तर प्रश्नच मिटला असता, तो पुढं आहे, शुद्धीत आहे आणि नेहमीसारखाच बोलतोय.

एक आला नाही. तीनही थांबले.

"काही नाही," साहेब म्हणाले. "आता आवाजच बंद झाला. तू सांग. तू त्याच्याबरोबर काम केलंस. लावू का मशीन?"

दादानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. दुकानाचा मालक, बाहेर आपल्या पाळीची वाट पाहणारी दोन-तीन माणसं, सगळी आमच्याकडे पाहत होती. मला त्या क्षणी दादाची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्हींपेक्षा जास्त भीती वाटली, की हा आता बोलणारच नाही.

तेव्हा ती दारातून आत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "भाऊ, तीन म्हंजे काय?" तिनं विचारलं.

"पुढचा खड्डा भरला. पुढूनच देते तो. पण वहिनी, घाबरलेला माणूस कुठूनबी काहीबी ठोकते."

"तो नाई ठोकत," ती म्हणाली. तिच्या आवाजात जरा चीडच होती, नवऱ्याच्या सवयीची बायकोला असते तशी. "लग्नाच्या साली घरात नाग निंगाला. त्यानं आधी गोठ्यातला बैल सोडला, मंग मले बाहेर काढलं, मंग दार ओढून कडी लावली, आन् मंग वरडला. घाबरला म्हून भलतं करणारा मानूस नाई तो. तीन ठोकले, त तीनच सांगाचं असंल त्याले. लावा म्हना मशीन."

दादानं तिच्याकडे पाहिलं. ती खाली पाहत नव्हती. मग तो फोनमध्ये म्हणाला, "लावा साहेब. तो पुढंच आहे."

दुकानाचा नंबर देऊन आम्ही फोन ठेवला. मालकानं कोणालाच त्या फोनला हात लावू दिला नाही. ती पायरीवर बसली, हात मांडीवर, समोरच्या एसटीकडे बघत. कोणीतरी चहा आणला तो तिनं घेतला आणि प्यायली, सगळा. दादा उभाच. मधे एकदा घंटी वाजली आणि मी धावत जाऊन फोन उचलला. कोणी संत्र्याचा व्यापारी होता, गाडी निघाली का विचारत होता. मी त्याला काय बोलले ते आठवत नाही, पण मालक नंतर म्हणाला की तो व्यापारी पुन्हा त्यांच्या दुकानात फोन करायला धजला नाही.

ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. आपण एका माणसाला आत्ता मारलं की वाचवलं, हे माहीत नसताना बसून राहणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यानंतर बोर्डावर बसताना कोणी नातेवाईक फोनवर ताटकळत असला की मी त्याला कधी नुसतं थांबा म्हटलं नाही.

दिवे लागायच्या सुमाराला घंटी वाजली. मी उचलला. तोच क्लार्क. या वेळी त्याच्या घशात कफ नव्हता, रडू होतं. "निघाला. ताई, निघाला, जिवंत आहे. गळ्यापर्यंत पाण्यात पाइप धरून उभा होता."

मी तिच्याकडे पाहून होकाराची मान हलवली. ती उठली नाही. तिनं पदर तोंडावर घेतला आणि तशीच बसून राहिली. दादा माझ्या हातातून रिसीव्हर घेऊन विचारत राहिला, शुद्धीत आहे काय, बोलला काय, काय म्हणाला.

"भोक पडल्या पडल्या ओरडायला लागला," क्लार्क म्हणाला. "म्हणे, मधे कोणी नाही, बिल्ला खोटा आहे, हातानं खोदू नका. तिकडं आत सकाळपासून हेच ओरडत होता म्हणे. आम्हाला कुठलं ऐकू येणार?"

हे ऐकून दादा केबिनमध्ये खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

परतीच्या जीपमध्ये ती एकदाच बोलली. "भाऊ, याच्यापुढं त्याच्या हातानं बिल्ला लावू नका." दादा हो म्हणाला. रोहण्याला पोचलो तेव्हा घुगऱ्या गार झाल्या होत्या आणि बायका अजून तशाच बसलेल्या. मी पाळण्यावर वाकून भाचीच्या कानात नाव सांगितलं. पाठीत बुक्के घालायची आठवण कोणाला राहिली नाही.

दोघांनाही कामावरून काढलं. पोलिसात मात्र कोणी दिलं नाही. त्या साहेबांनी जोडीदाराला गाडीत बसवून देताना दोन्ही बिल्ले त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, हे इथं नकोत. त्यातला एक भाचीनं दात येताना चावून चावून चकचकीत केला. मधला पंप त्यांनी पुढे बाहेर काढला तेव्हा तो चपटा झाला होता म्हणे. आईला हे कोणी सांगितलं नाही. दादा आणि जोडीदारानं आर्वीला मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं, आणि ते चाललंही.

दादानं त्या दिवसाबद्दल त्याला एकच गोष्ट विचारली होती, मी समोर होते. एक ठोका काऊन नाई दिला? जोडीदार हातातली तार गुंडाळत म्हणाला, "दोन आले ना बे. मले माहीत होतं तू घरी आहे. आन् मधातून दोन आले. बराबर तुह्यासारखे. पाना पडला हातचा पाण्यात, पुन्हा गवसलाच नाई."

दोन हजार सालानंतर कधीतरी, भाची शाळेत जायला लागल्यावर, आम्ही दोन्ही घरं मिळून त्या रेल्वेनं गोव्याला निघालो. दादाला यायचं नव्हतं. जोडीदाराच्या बायकोनं त्याला आणलं. बोगद्यामागून बोगदे येत होते, पोरं प्रत्येक वेळी ओरडत होती, भजी खात होती. एका बोगद्यात गाडी शिरली तेव्हा दोघं गप्प झाले, तेवढ्यावरून मला कळलं, हाच तो. गार, ओलसर वारा खिडकीतून आला. दिवे पिवळे होते आणि भिंत दिसत नव्हती.

जोडीदार पुढच्या खिडकीशी बसला होता, दादा आमच्या बाजूला, मधे दोन बाकं. गाडीच्या खडखडाटात पुढून खिडकीच्या गजावर ठोके आले. तीन. दादा मान खाली घालून बसला होता. त्यानं मान वर केली नाही, पण बोटातली अंगठी गजावर दोनदा वाजवली.

वहिनीनं माझा हात धरला. मी समोर पाहिलं, तर जोडीदाराची बायकोही नवऱ्याच्या हाताकडेच पाहत होती.

मग पुढून एक ठोका आला.